फळ्यावरची अष्टमी

१

त्या बुधवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूने एवढंच लिहिलेलं होतं:

'वैशाख शुद्ध अष्टमी, बुधवार. आजचा सुविचार: हुकूमशहाला दार तोडावं लागत नाही. कडी आपणच काढून ठेवतो.'

सुविचार म्हणून वाईट नव्हता. 'कष्टाला पर्याय नाही' वाचून वाचून आमचे डोळे किटले होते. पण दुपारी चारला पोलिस ठाण्यातून दोघे जण आले आणि आमच्या ढुंढिराज गायधनी सरांना जीपमध्ये बसवून घेऊन गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आठ वर्षांपूर्वी बायपास झालेली. भाजीबाजारातल्या बायकासुद्धा पाट्या खाली ठेवून बघत राहिल्या.

वाचनालय पंचवटीत, बाजाराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत. बाहेर ओटा, ओट्यावर भिंतीला फळा. सर एकोणीस वर्षं रोज सकाळी सातला येऊन त्यावर तिथी, तीन बातम्या आणि सुविचार लिहितात. निवृत्तीआधी ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. येत्या रविवारी वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, 'उजव्या हुकूमशाही राजवटींचा स्वभाव' या विषयावर. वर जे सरकार आहे त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. भीतीपोटी म्हणा हवं तर, मी नाकारणार नाही. व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं होतं, तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त सांगून सुटलो होतो.

मी भिमाजी डेर्ले. गाव सायखेडा, नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं, त्यातली वीस कंट्रोल रूममध्ये. आता दोन वेळचा पेपर आणि एक वेळचा चहा यासाठी वाचनालयात जातो आणि लोकांवर चिडतो.

सर संध्याकाळी सातला परत आले. पोलिसांनी शनिवारी चारपर्यंत मुदत दिली होती. तोवर लिहिणाऱ्याचं नाव कळलं नाही, तर सरांवर गुन्हा दाखल होणार होता. आणि फळ्याचा फोटो सभासदांच्या गटावर टाकणाऱ्या मृण्मयीलाही आरोपी करणार होते. ही पोर आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिसऱ्या खेपेला पास झाली होती आणि आता तिची पोलिस पडताळणी तेवढी राहिली होती. नावावर गुन्हा लागला की संपलं.

"सर, सरळ सांगा ना, मी लिहिलं नाही म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं," सर म्हणाले. "पण भिमाजीराव, पंचाईत अशी आहे की अक्षर हुबेहूब माझ्यासारखं आहे पण हात माझा नाही, आणि वाक्य मात्र माझंच आहे."

२

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर खिडकीशी बसले होते. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

"ते वाक्य माझ्या भाषणात होतं," सर म्हणाले. "पहिल्या खर्ड्यात. मग मीच खोडलं. पक्क्या प्रतीत ते नाही."

"का खोडलं?"

उत्तर सुधाताईंनी दिलं. "मी खोडायला लावलं. म्हटलं, एवढं लागेल असं कशाला बोलायचं? मुलगा परदेशात, तुम्ही असे हृदयाचे."

"पहिला खर्डा कुणी कुणी वाचला?"

सरांनी बोटं मोजली. स्वतः ते, सुधाताई, टाइप करणारी मृण्मयी आणि वाचनालयाच्या कार्यवाह छायाताई. छायाताईंनी या वर्षापासून नवीन प्रथा पाडली होती. भाषण आधी लिहून मागायचं आणि वाचून परत द्यायचं. सर त्यावर चिडले होते, पण दिलं होतं. आम्ही सगळेच हल्ली चिडतो आणि देतो.

"बुधवारी तुम्ही सकाळी कुठे होता?"

"रक्त तपासायला. उपाशीपोटी बोलावलं होतं. मंगळवारी वाचनालयात सगळ्यांदेखत सांगितलं होतं की उद्या फळा कोरा राहील. लॅबच्या पावतीवर सात चाळीस वेळ आहे. इन्स्पेक्टर म्हणाले, आधी फळा लिहिला आणि मग पुरावा तयार करायला लॅबमध्ये गेलात."

चहा गार होत होता. मी सुधाताईंना म्हटलं, "तुम्ही नाही घेत?"

"माझा उपास आहे. दुर्गाष्टमी ना आज."

"अष्टमी काल झाली की. फळ्यावर होती."

"छे हो! काल परत सप्तमीच होती. या खेपेला दोन सप्तम्या आल्यात."

सर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले. "सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची. सप्तमी मंगळवारी सूर्योदयाला होती आणि बुधवारीही होती. वृद्धी तिथी म्हणतात. माझे वडील रामकुंडावर उपाध्येपण करायचे. मी देव सोडला भिमाजीराव, पण एकोणीस वर्षांत तिथी चुकवली नाही."

मी उडालोच. "अहो मग हाच पुरावा! हे सांगा ना पोलिसांना!"

"सांगितलं. ते म्हणाले, वयोमानाने चूक होते."

सुधाताई आत गेल्या. सरांच्या देखत रडायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. मी जिना उतरायला लागलो तर त्या मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुरुंगातून हे परत यायचे नाहीत. त्यांच्या गोळ्या दिवसाला अकरा आहेत. तुम्ही शोधा कोण ते."

३

वीज केंद्रात युनिट अचानक बंद पडलं की पॅनेलवर एकदम चाळीस दिवे पेटतात आणि चाळीस घंटा कोकलतात. नवा माणूस सगळ्यात मोठ्याने वाजणाऱ्या घंटेकडे धावतो. जुना माणूस पहिला दिवा कुठला पेटला ते बघतो. बाकीचे एकोणचाळीस त्याच्या मागून आलेले असतात.

तरी त्याच दिवशी मी मोठ्या घंटेकडेच आधी गेलो. विहंग हा तक्रारदार. वय अठ्ठावीस, वॉर्डातला पक्षाचा कार्यकर्ता. लहानपणी आमच्याच वाचनालयातून गोष्टीची पुस्तकं न्यायचा आणि चित्रं फाडून परत द्यायचा. मनात म्हटलं, धर्म वाचवायला निघालेत आणि तिथी ठाऊक नाही. हाच असणार. बायकोशी पैज लावायची तेवढी बाकी ठेवली होती.

तो त्याच्या कार्यालयात बसला होता. भिंतीवर नेत्याचा पुरुषभर उंचीचा फोटो. मला बघून उठला, खुर्ची दिली.

"अप्पा, सरांचं वाईट वाटतं हो मला. खरंच."

"मग तक्रार कशाला केलीस?"

"मी नाही केली तर दुसऱ्या वॉर्डातला करणार. मग वरचे विचारणार, विहंग झोपला होता का?"

"वरून कुणाचा फोन आला होता?"

"नाही अप्पा. फोन येईपर्यंत थांबलं तर उशीर झाला म्हणून समजायचं." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की मला त्याची कीवच आली.

"फोटो तू काढलास?"

"मी? मी सकाळी जिममध्ये असतो. फोटो मला मामांकडून आला, ते तुमचे सभासद आहेत." त्याने मोबाइल दाखवला. मामांना तो सभासदांच्या गटावरून आला होता आणि तिथे तो सात वाजून पाच मिनिटांनी मृण्मयीने टाकला होता, 'आजचा फळा' म्हणून. रोजच टाकते.

मी शेवटचा खडा टाकला. "विहंग, काल तिथी कोणती होती रे?"

"सप्तमी. दुसरी," तो पटकन म्हणाला. त्याने मोबाइल परत पुढे केला. "रोज पहाटे पक्षाकडून तिथी आणि शुभ सकाळचं चित्र येतं. आम्ही पाचशे लोकांना पुढे पाठवतो. बघा, काल सकाळी सहा वाजता पाठवलंय."

खरंच होतं. केशरी सूर्य, हात जोडलेला नेता, खाली 'सप्तमी (वृद्धी)'. हा पोरगा अष्टमी लिहिणं शक्य नव्हतं. पैज लावली असती तर हरलो असतो.

मी निघताना तो म्हणाला, "अप्पा, सरांना सांगा, नाव द्या आणि मोकळे व्हा. कुणाचंही द्या. आम्हाला एक नाव पाहिजे फक्त."

४

शुक्रवारी सकाळी साडेसहालाच मी वाचनालयात पोचलो. सहादू, आमचा शिपाई, ओटा झाडत होता.

"सहादू, बुधवारी फळा कधी पुसला?"

"पावणेसातला. वल्ल्या फडक्यानं. मंग मी पेपर आणाया स्टँडवर गेलो. माघारी आलो तं फळा लिव्हलेला. मला वाटलं, सरच येऊन गेले."

"कुणी दिसलं?"

"नाय अप्पा. म्रुण्मयी वर अभ्यासिकेत व्हती, तिचा दिवा दिसत व्हता." त्याने केरसुणी खाली ठेवली. "पोलिस मला बी इचारत व्हते. म्हणले, तूच लिव्हलं. मी म्हणलो, साहेब, मला सही पुरतं लिव्हता येतं. तं म्हणले, मंग सही कर. कागद कोरा व्हता."

"केलीस?"

"लय माणसं उभी व्हती अप्पा." त्याने मान खाली घातली. "नाय केली."

मला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. आमच्यातल्या एकाने तरी काही नाकारलं होतं आणि तो सहादू होता.

मृण्मयी वर एकटीच होती. पुस्तक उघडं होतं, पण पान कालचंच असावं. डोळे सुजलेले.

"काका, मी सातला खाली आले, फळा दिसला, फोटो काढला. मला वाटलं सरांनी लॅबमध्ये जायच्या आधी लिहिलं."

"वाक्य ओळखलंस?"

"ओळखलं. मीच टाइप केलं होतं ना. त्यांनी खोडलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. म्हणून फळ्यावर बघून बरं वाटलं. सरांनी धीर केला असं वाटलं." तिने नाक पुसलं. "माझ्या घरी अजून सांगितलेलं नाही. आईने पेढे वाटलेत."

"भाषणात अजून काय होतं ग?"

तिने आठवून सांगितलं. अशा राजवटींना शत्रू लागतो आणि तो घरातला लागतो. गेलेलं वैभव लागतं, म्हणजे आजचं काही विचारावं लागत नाही. एक मोठा माणूस लागतो आणि त्याला आवडेल ते त्याने न सांगता करणारी हजारो छोटी माणसं लागतात. "सर म्हणायचे, ही छोटी माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. शेवटचा भाग त्यांच्यावरच होता."

तिने मला तिच्या मोबाइलवर मागच्या महिनाभरातले फळ्याचे फोटो दाखवले. रोज एकाच जागेवरून काढलेले. मी ते एकामागून एक सरकवत गेलो आणि बुधवारच्या फोटोवर थांबलो. रोजच्या फोटोत तिथी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला चिकटलेली असते, कारण सर पावणेसहा फुटांच्या वर आहेत. बुधवारी वर वीतभर फळा कोरा होता. लिहिणाऱ्याचा हात तिथवर पोचलाच नव्हता.

मी मृण्मयीकडे बघितलं. ती उभी राहिली की दाराच्या चौकटीशी डोकं सांभाळते. अभ्यासिकेतला बल्ब बदलायचा तर तिलाच हाक मारतात, स्टूल लागत नाही.

"काय झालं काका?"

"काही नाही. तू अभ्यास कर." मी जिना उतरलो. उरलेलं नाव मला नको होतं.

५

मी फार हुशार माणूस नाही, पण वजाबाकी येते. ते वाक्य चौघांनाच माहीत होतं. सर आणि मृण्मयी उंच. राहिल्या सुधाताई आणि छायाताई, दोघी बुटक्या. सुधाताई अष्टमीचा उपास धरतात, त्यांना दुसरी सप्तमी पाठ होती. छायाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. तिथीशी त्यांचा संबंध कधी आला नाही. मंगळवारी फळ्यावर सप्तमी होती, त्यांनी बुधवारी एक पुढे नेली.

एकच अडत होतं. अक्षर. हुबेहूब सरांचं अक्षर त्यांना कसं आलं? मी सुधाताईंना फोन लावला.

"छायालाच येतं की," त्या सहज म्हणाल्या. "ह्यांची बायपास झाली तेव्हा तीन महिने तीच फळा लिहायची. ह्यांचा हट्ट, फळा एकाच हाताचा दिसला पाहिजे. तिने वहीत गिरवून गिरवून अक्षर बसवलं. मजकूर हे रोज फोनवर सांगायचे, अगदी तिथीसकट." मग त्या एकदम थांबल्या. "भाऊ, तुम्ही हे का विचारताय?"

मी फोन ठेवला. खोटं बोलायला सुचलं नाही.

छायाताई हिरावाडीत एकट्या राहतात. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. टेबलावर वाचनालयाच्या जागेच्या कराराची फाइल उघडी होती.

"तिथी चुकली, छायाताई," मी म्हटलं.

त्या खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. "सप्तमी होती ना? मला दुपारी कळलं. म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार."

"का केलंत?"

"करार मार्चमध्ये संपलाय. जागा सरकारी. रविवारी ते भाषण झालं असतं तर करार झाला नसता. साठ वर्षांचं वाचनालय, अकरा हजार पुस्तकं, वर चाळीस पोरं अभ्यास करतात. सर ऐकत नव्हते. मी तीनदा सांगून बघितलं. म्हटलं, एक ओळ लिहू. ओरड होईल, बोलावतील, समज देतील, भाषण रद्द होईल. सर आठ दिवस चिडतील. एका ओळीत भागलं असतं भिमाजीराव. पूर्ण भाषणाला त्यांनी सोडलं नसतं."

"तुम्हाला कुणी धमकी दिली होती? कराराबद्दल कुणी काही बोललं?"

"नाही."

"एकदाही?"

"कुणीच काही बोललं नाही," त्या म्हणाल्या आणि हे बोलताना त्यांनाच ते पहिल्यांदा ऐकू आलं असावं, कारण त्यांचा आवाज फाटला.

मी भयंकर चिडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. विश्वासघात म्हणालो, तीस वर्षांचा घरोबा म्हणालो, त्या पोरीच्या आईच्या पेढ्यांबद्दल बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं झालं?" त्यांनी विचारलं. "सोमवारी चहाच्या टपरीवर तुम्ही मला काय म्हणालात ते आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्यांना शब्दन् शब्द पाठ होता.

"तुम्ही म्हणालात, सरांना एखादा हलका झटका बसला पाहिजे. छोट्या बिघाडावर युनिट बंद पडलं की टर्बाइन वाचतं. तुमच्या एकलहऱ्याला असंच करतात म्हणालात. मी घरी येऊन त्यावरच विचार केला."

पहिला दिवा शोधत मी इतका लांब आलो होतो. मी उभ्याचा बसलो आणि त्यांच्या घरचं पाणी मागून घेतलं.

जाताना त्या म्हणाल्या, "उद्या मी स्वतः ठाण्यात येते. माझं नाव सांगते." मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही.

६

शनिवारी दुपारी दोनला मी सरांना सगळं सांगितलं, माझ्या टपरीवरच्या वाक्यासकट. मला वाटलं ते संतापतील. ते खिडकीतून खाली बाजाराकडे बघत राहिले.

"छायाचा फोन आला होता सकाळी," ते म्हणाले. "मी तिला येऊ नको म्हणून सांगितलंय."

"सर!"

"ती आली तर काय होईल? वाचनालयाच्या कार्यवाहानेच लिहिलं म्हटल्यावर फळा वाचनालयाचा झाला. मग करार कसला आणि पुस्तकं कसली. ज्यासाठी तिने हे केलं तेच आधी जाईल. आणि लिहिणारा मिळालाच नाही तर पोरगी अडकते. मी लिहिलं म्हटलं की एका म्हाताऱ्याचा आगाऊपणा होतो. रोजचा फोटो तिने रोजच्यासारखा टाकला, एवढंच तिचं उरतं."

"पण तुम्ही लिहिलेलं नाही! हे खोटं आहे!"

"अर्धंच खोटं आहे." त्यांनी चष्मा पुसला. "ते वाक्य मी लिहिलं होतं आणि घाबरून खोडलं होतं. सुधाने सांगितलं हे खरं, पण मी तिच्या सांगण्याची वाट बघत होतो. मुलं पस्तीस वर्षं माझ्याकडून राज्यशास्त्र शिकली आणि मी एक ओळ ठेवू शकलो नाही. छायाने ती फळ्यावर लिहिली. तिचं कारण चुकीचं होतं, पण ओळ बरोबर होती."

सुधाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं त्या अडवतील. त्यांनी गोळ्यांचा डबा आणून अकरा गोळ्या तीन पुड्यांत बांधल्या. प्रत्येक पुडीवर वेळ लिहिली आणि पुड्या सरांच्या खिशात ठेवल्या. खिशाचं बटण मात्र त्यांच्याने काही केल्या लागेना. शेवटी सरांनीच ते लावलं.

७

इन्स्पेक्टर सभ्य माणूस होता. सरांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. "माझे वडीलही शिक्षक होते," असं म्हणाला. मला ते नकोसं झालं. तो गुरगुरला असता तर सोपं गेलं असतं.

"सर, तुम्हाला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "वरून आमच्यावर काही दबाव नाही. एक फोनही आलेला नाही. पण तक्रार आली आणि आम्ही काहीच केलं नाही, असं उद्या दिसायला नको."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "लिहून घ्या. फळ्यावरचं वाक्य माझं आहे, मीच लिहिलं. मृण्मयीला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला माफी मागायची नाही."

"आणि तिथी? बुधवारी तुम्ही म्हणालात, माझ्या हातून तिथी चुकणार नाही."

"वयोमानाने चूक होते," सर म्हणाले.

हवालदाराने जबाब लिहिला. सरांनी वाचला, सही केली. मला वाटलं आता संपलं. मग इन्स्पेक्टरने बुधवारच्या फोटोची मोठी प्रत टेबलावर ठेवली आणि ती माझ्याकडे फिरवली.

"तुम्ही रोजचे वाचक ना? साक्षीदार म्हणून एक सही लागेल. हे अक्षर ढुंढिराज गायधनी यांचंच आहे, मी ओळखतो, इतकंच."

मी फोटोकडे बघितलं. वर वीतभर कोरा फळा होता. तो मला आता दुसरं काही दिसूच देत नव्हता. चौतीस वर्षांत मी खोट्या नोंदीवर सही केली नव्हती. दोनदा त्यावरून साहेबाशी भांडलो होतो, एकदा बढती घालवली होती.

"काही शंका आहे का?" इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "अक्षर यांचं नसेल तर कुणाचं आहे तेवढं सांगा. तसं लिहून घेऊ."

खोलीत पंखा फिरत होता. दाराबाहेर बाकावर मृण्मयी आणि तिची आई बसल्या होत्या. आईने पदराची पिशवी करून काहीतरी धरलं होतं, पोलिसांना द्यायला आणलेलं असावं. छायाताई आल्या नव्हत्या. सरांनीच त्यांना नको म्हटलं होतं, तरी त्या याव्यात म्हणून मी दोनदा दाराकडे बघितलं.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

खरा लिहिणारा कोण हे मला ठाऊक होतं. पुरावे माझ्या डोक्यात एकाखाली एक मांडलेले होते, कुणीही तपासून घ्यावेत असे. मी पेन उचललं आणि 'हे अक्षर गायधनी सरांचंच आहे' याच्या खाली सही केली.

"नाव, वय, पत्ता," हवालदार म्हणाला.

मी सगळं सांगितलं. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मान हलवली. एखाद्या अवघड मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर ते तशीच मान हलवत असतील. मग त्यांना आत नेलं. खिशातल्या पुड्या हवालदाराने काढून घेतल्या, वेळा वाचल्या आणि टेबलाच्या खणात ठेवल्या.

बाहेर आलो तर मृण्मयीची आई माझ्या पाया पडली. पोरगी सुटली म्हणून. मी त्यांना उठवलं नाही, मला ते सुचलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी विहंग मोटारसायकलवर बसला होता. त्याने विचारलं, "अप्पा, मिळालं का नाव?"

मी म्हटलं, "हो. दिलं."